शिकारीची रजा

कालिदासाच्या शाकुंतलाचा दुसरा अंक विदूषकाच्या गाऱ्हाण्याने उघडतो. राजाला मृगयेचे वेड. त्या वेडापायी या गरीब ब्राह्मणाला भर उन्हाळ्यात रानोमाळ हिंडावे लागते, पालापाचोळ्याने कडवटलेले ओढ्याचे पाणी प्यावे लागते, अवेळी जेवावे लागते, आणि पहाटे रान घेरावयास निघालेल्या पारध्यांच्या गलक्याने झोपमोड होते ती निराळीच. त्याचे मागणे काही मोठे नाही. निदान एक दिवस विसावा मिळावा, एवढेच. पुढे दुष्यंत शिकारीचा बेत रहित करतो आणि आधीच रान घेरावयास गेलेल्यांना परत बोलवा अशी आज्ञाही देतो; परंतु ती विदूषकाची दया येऊन नव्हे, त्याचे स्वतःचे मन तपोवनात गुंतले आहे म्हणून. परत बोलावलेली ती माणसे कोण, कोणत्या गावची, कोणते काम सोडून आली होती, याची विचारपूस नाटकात कोणी करीत नाही.

आम्हांस या लेखात ती विचारपूस करावयाची आहे. मात्र दुष्यंताच्या काळाची नव्हे, तर अगदी अलीकडच्या शंभर-सव्वाशे वर्षांची. नोकरीतून रजा काढून, आपला मुलूख सोडून परमुलखात शिकारीला जाण्याची प्रथा हिंदुस्थानात इंग्रजी अमलात रूढ झाली, संस्थानिकांच्या आश्रयाने वाढली आणि १९७२ मध्ये कायद्याने संपली. या प्रथेवर साहेबांनी स्वतः लिहिलेली पुस्तके कपाटे भरतील इतकी आहेत. त्यांत वाघाच्या लांबीचे इंच मोजलेले सापडतात. हाक्याला आलेल्या माणसांचे दिवस मोजलेले क्वचितच सापडतात.

आपल्या शास्त्रकारांनी मृगयेकडे संशयानेच पाहिले आहे. मनूने कामापासून उपजणारी जी दहा व्यसने सांगितली त्यांत मृगया पहिली. आणि मद्य, द्यूत व स्त्री यांच्या बरोबरीने तिची गणना सर्वांत घातक अशा चारांत केली. कौटिल्य अधिक व्यवहारी. मृगयेत व्यायाम घडतो, कफ, पित्त व मेद झडतात, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम बसतो, असे म्हणून तो द्यूताला तिच्यापेक्षा वाईट ठरवितो. पण या दोघांचाही विचार राजाच्या हिताहिताचा आहे. देवळांनी मात्र या व्यसनाची मोठी सुंदर सोय लावली. तिरुवनंतपुरास श्रीपद्मनाभस्वामींच्या उत्सवात राजघराण्यातील प्रमुख देवाच्या वतीने शहाळ्यावर बाण सोडतो आणि देवाची शिकार तेवढ्यात पुरी होते. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील आमच्या सारस्वत बांधवांच्या देवळांतही रथोत्सवाच्या दिवसांत ‘मृगबेटे’ म्हणून देवाची स्वारी निघते. देव सीमेबाहेर जातो आणि परत येतो. रानातले पाखरूही दुखावत नाही.

साहेबाच्या शिकारीची मांडणी निराळ्या पायावर होती, आणि तो पाया रजेच्या नियमांचा होता. मुलकी नोकरीत असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यास अकरा महिने काम केल्यावर एक महिन्याची हक्काची रजा मिळे आणि ती तीन महिन्यांपर्यंत साठविता येई. लष्करातल्यांस उन्हाळी मोसमात साधारणतः दोन महिने मिळत. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावरही मुंबईहून विलायतेस पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागत; म्हणजे महिन्या-दोन महिन्यांच्या रजेत घरी जाऊन येणे हे केवळ बोटीवर दिवस काढणे होते. मग रजा खर्च करावी कोठे? थंड हवेच्या ठिकाणी, नाहीतर रानात. त्याच सुमारास, १८७० मध्ये, मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुरात सांधला गेला आणि सातपुड्याची व नर्मदेकाठची जंगले रजेच्या आवाक्यात आली. पूर्वी ज्या रानात पोहोचण्यातच रजा संपली असती तेथे आता दोन-तीन दिवसांत जाता येऊ लागले.

मोसमही रजेला जुळून येई. चैत्र-वैशाखात पानगळ झालेली असते, ओढे आटतात, वाघ उरल्यासुरल्या पाणवठ्याजवळ बसून राहतो. म्हणून वाघाची शिकार एप्रिल-मेमध्ये. हिवाळी पाहुण्या बदकांची शिकार नाताळच्या सुटीत. यात एक गोम आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे. रानात राहणारा गोंड, कोरकू किंवा पारधी सावजाची वाट पाहतो; आज नाही तर उद्या, या पंधरवड्यात नाही तर पुढच्या. रजेवर आलेल्यास वाट पाहणे परवडत नाही. त्याचे दिवस मोजलेले, परवाना ठरावीक तारखांचा, आणि जंगलाचा ‘ब्लॉक’ त्याच्या नावे तेवढ्यापुरताच राखलेला. तेव्हा वाघ आपल्या वेळेने येत नसेल तर त्याला साहेबाच्या वेळेने आणणे भाग. त्यासाठी रेडकू बांधावे लागे, खबर आणणारी माणसे ठेवावी लागत, आणि अखेरीस शे-दोनशे माणसांची ओळ करून, डबे-ढोल बडवीत, रान उठवून जनावर मचाणाकडे हाकून आणावे लागे. हाका राजेरजवाड्यांतही पूर्वापार होता हे खरे. पण मोजक्या रजेने त्याला घाई दिली, आणि ही घाई दुसऱ्याच्या अंगावर पडली.

घाईचा सर्वांत गमतीदार प्रकार काश्मिरात पाहावयास मिळे. तेथे हंगुल, मारखोर, आयबेक्स यांच्या शिकारीसाठी पंजाबातील पलटणींचे अधिकारी दरवर्षी जात. दऱ्यांना साहेबी बोलीत ‘नाला’ म्हणत, आणि शिष्टाचार असा की ज्याचा तंबू नाल्यात आधी पडेल त्याची ती नाला. दुसऱ्याने तेथे बंदूक उचलावयाची नाही. परिणाम असा होई की एप्रिलच्या मध्यावर उन्हाळी रजेचा मोसम उघडताच शिकारी पहाडाकडे धाव घेत. दोन दोन मजला एका दिवसात मारीत आणि वाटेवर एकमेकांना मागे टाकण्याची खटपट करीत. ए. ई. वॉर्ड या लष्करी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या दशकात काश्मीर-लडाखच्या शिकाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तकच लिहिले. कोणत्या नाल्यात काय मिळेल, मजला किती, हमाल किती, हे सारे त्यात बसविले आहे. आज प्रवासाची जी पुस्तके निघतात त्यांचे हे आजोबाच म्हणावयाचे. पुढे काश्मीर दरबाराने शिकारीच्या रक्षणासाठी खाते काढले, परवाने आणि मर्यादा घातल्या, तेव्हा ही शर्यत थंडावली. परंतु शर्यत चालू असताना दोन मजला एका दिवसात चालला तो एकटा साहेब नव्हे. तंबू, खाट, दारूगोळा आणि डब्यातले अन्न पाठीवर घेऊन त्याच्या मागे-पुढे हमालही तेवढेच चालले.

संस्थानी मुलखात शिकारीला जावयाचे तर परवान्याने भागत नसे, आमंत्रण लागे. ते रेसिडेंटामार्फत किंवा पोलिटिकल एजंटामार्फत मिळविण्याची एक कलाच होती. राजांनाही त्याचा उपयोग होता. मचाणावर शेजारी बसलेल्या व्हाइसरॉयाकडे जे काम दोन शब्दांत होई ते अर्जांनी वर्षभरात होत नसे. १९०२ मध्ये निजामाच्या राज्यात कर्झन पतिपत्नी मारलेल्या वाघाजवळ उभी आहेत असे छायाचित्र राजा दीनदयाळांच्या नावे प्रसिद्ध आहे. त्याच कर्झनने १९०० साली जुनागडात सिंहांची संख्या अगदी थोडी उरल्याचे समजताच गीरमधील आपली शिकार रहित केली होती, ही गोष्टही त्याच्या पदरात टाकली पाहिजे. भरतपूरच्या केवलादेव सरोवरावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लिनलिथगो यांच्या मंडळीने एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. हा आकडा तेथे दगडावर कोरून ठेवलेला आहे. आणि रजेची शिकार म्हणजे काय याची परमावधी खुद्द सम्राटाने गाठली. डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबार आटोपल्यावर कलकत्त्यास जाण्यापूर्वी पाचव्या जॉर्जने दहा दिवस काढले आणि नेपाळच्या तराईत मुक्काम केला. चंद्र शमशेरांनी सहाशेहून अधिक हत्ती उभे केले. दहा दिवसांत ३९ वाघ, १८ गेंडे आणि ४ अस्वले पडली.

ग्वाल्हेरकर वाचकांस हे वर्णन परके वाटणार नाही. माधवराव शिंदे यांच्या राज्यात शिकारखाना हे एक व्यवस्थित खाते होते. शिवपुरी ही उन्हाळी राजधानी; ग्वाल्हेरहून तेथवर अरुंद रुळांची आगगाडी १८९९ मध्ये गेली, आणि १९०९ पर्यंत दुसरी शाखा श्योपुरास पोहोचली. पाहुण्यांची रजा वाया जाऊ नये यासाठी याहून चांगली सोय कोणती? माधवरावांनी वाघाच्या शिकारीवर १९२० साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात हाका कसा मांडावा याची काटेकोर शिस्त सांगितली आहे. त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या रानात सोडले हेही सुप्रसिद्ध आहे. ते सिंह गुरांवर आणि माणसांवर पडू लागले आणि तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. माधवराव कर्ते राजे होते. शेती, शाळा, कारखाने यांत त्यांनी जे केले त्याचा अभिमान आमच्या मंडळींनी बाळगणे योग्यच. पण जुन्या सरदारघराण्यांच्या दिवाणखान्यांत भिंतीवर वाघाची मुंडकी पाहताना हाक्याच्या ओळीतील माणसाचे नाव कोणा घरी सांगितले जात असेल असे आम्हांस वाटत नाही. संस्थानी कचेऱ्यांतून हुकूम लिहिणारे कारकून पुष्कळदा आपलेच आजे-पणजे होते, हेही विसरून चालावयाचे नाही.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले, साहेब गेले, परंतु शिकारीची रजा गेली नाही; फक्त तिचा धनी बदलला. नागपुरात अ‍ॅल्विन कूपर ही शिकारीच्या सहली आखणारी कंपनी विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात पडण्यापूर्वी काढली होती. अशा कंपन्यांची गिऱ्हाइके बहुतेक परदेशी, विशेषतः अमेरिकेतील. ब्लॉक राखणे, मचाण बांधणे, वाघाचे कातडे कमावून घरपोच पाठविणे, सारे कंपनी पाही. पाहुण्याने फक्त रजा काढावयाची. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीस बंदी आली, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला देशभर पक्का आधार मिळाला, आणि त्याच वर्षीच्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ नोंदले गेले.

हे अमेरिकन पाहुणे ज्या देशातून येत तेथील रिवाज मात्र नमूद करण्याजोगा आहे. तेथे हरणाची शिकार ही धनिकांचीच मिरास नाही. परवाना काढून गिरणीतला कामगारही रजा घेतो आणि दुसऱ्या राज्यात जावयाचे तर तेथला पाहुण्यांसाठीचा अधिक महाग परवाना विकत घेतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९६३ पासून बंदुकीच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरातील आभारदिनानंतरच्या सोमवारी उघडे. त्या दिवशी कित्येक शाळा बंद ठेवीत. २०१९ मध्ये तेथील खात्याने हंगामाचा आरंभ शनिवारवर आणला. नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना रजेवाचून जाता यावे हा त्यामागील एक हेतू. शिकार चांगली की वाईट हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. काम करणाऱ्याचा मोकळा दिवस पाहून हंगाम सरकविण्यात आला, एवढे लक्षात घेतले पाहिजे. आपल्याकडे नेमके उलट घडत असे.

ते कसे, हे पाहण्यासाठी रानालगतच्या गावाचे पंचांग डोळ्यांपुढे आणावे. चैत्रात मोहाची फुले गळतात. ती पहाटे उठून वेचावी लागतात. उशीर झाला की जनावरे खाऊन टाकतात. गोंड-कोरकूंच्या घरात पावसाळ्यातील अन्नाचा आधार त्या फुलांचा. वैशाखात लग्ने, घरांची शाकारणी, नांगरटीची तयारी. नाताळच्या सुमारास भाताची मळणी आणि रब्बीची राखण. म्हणजे साहेबाचे मोकळे दिवस ते गावाचे भरलेले दिवस. तहसीलदाराचा निरोप पाटलाकडे येई, पाटील कोतवालाला धाडी, आणि घरटी एक माणूस हाक्यास निघे. कोठे काही आणे मजुरी मिळे, कोठे मिळत नसे. ज्या वाघाला मचाणावरून गोळी ओझरती लागे तो उलटून फिरे तो प्रथम हाक्याच्या ओळीवर. शिवाय तळासाठी लाकूड, गवत, दूध, कोंबडी हे सारे गावाने पुरवावयाचे, त्याला रसद हे भारदस्त नाव.

वेठ ही साहेबाने आणलेली वस्तू नव्हे. देवस्थानांच्या आणि ब्राह्मणांच्या इनामांच्या जुन्या सनदा ज्यांनी वाचल्या असतील त्यांना माफ केलेल्या पट्ट्यांच्या यादीत ‘वेठबेगार’ हा शब्द आढळला असेल. देवाच्या गावाला जी सूट द्यावी लागे ती इतर गावांना नव्हती, हाच त्याचा अर्थ. ती सर्वांनाच देण्याचे काम कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९२० मध्ये केले. आपल्या राज्यात वेठबिगार त्यांनी कायद्याने बंद केली. शाहू महाराजांसारखा शिकारीचा शौकीन राजा त्या काळी महाराष्ट्रात दुसरा क्वचितच असेल. शौक असलेल्या माणसाने आपल्याच शौकाला लागणारे फुकट हात काढून घेतले, म्हणून आम्हांस त्या हुकुमाचे मोल अधिक वाटते.

आणि गिरणीत? अकरा महिन्यांस एक महिना असा हिशेब गोऱ्या अधिकाऱ्यास लागू असताना मुंबईच्या गिरणी कामगारास आठवड्याचा एक दिवसही हक्काचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच सुटीचा असावा, असे लोखंड्यांनी सांगितल्याचे म्हणतात. पगारी वार्षिक रजा तर कारखान्यातील माणसास फार उशिरा मिळाली. १९४८ च्या कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा तिचा हिशेब ठरला. हाकेवाल्याचे नाव मात्र कोणत्याच हजेरीपटावर नव्हते.

येथे एका इंग्रजाचा अपवाद सांगितला पाहिजे. जिम कॉर्बेट मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार पाहत असे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस त्याने १९०७ मध्ये मारले, त्या वेळी तो याच नोकरीत होता. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगतात. तिला मारण्यासाठी जो हाका झाला त्यास जवळजवळ तीनशे माणसे आली. त्यांना भीतीने ग्रासले होते, तरी ती आली. कारण ज्या वाटेवर ती वाघीण बसे ती वाट त्यांची, आणि गेलेली माणसेही त्यांची होती. १९२६ च्या मे महिन्यात त्याच कॉर्बेटने रुद्रप्रयागचा बिबळ्या मारला आणि केदारनाथ-बद्रीनाथाचा यात्रामार्ग मोकळा झाला. आठ वर्षांत त्या बिबळ्याने सव्वाशे माणसे नेली होती, त्यांत यात्रेकरूही होते.

पण याच कुमाऊँत हमालांची आणि रसदीची वेठ सर्वांत पद्धतशीर होती. गावोगावच्या प्रधानाकडे कुलींच्या नावांच्या वह्या असत. कोणाची पाळी कधी ती त्यावरून ठरे; आणि दौऱ्यावरचा अधिकारी असो, पलटण असो की रजेवर शिकारीस निघालेला साहेब असो, त्याचे ओझे पुढच्या पडावापर्यंत नेणे त्या नावाच्या माणसास चुकत नसे. घरी पेरणी असो वा सुतक असो. या वह्या म्हणजे रजेच्या नियमांची दुसरी बाजू होती. साहेबाचे दिवस एका नोंदीत जमा होत आणि पहाडी माणसाचे दिवस दुसऱ्या नोंदीत खर्ची पडत.

१९२१ च्या मकरसंक्रांतीस बागेश्वरला सरयू आणि गोमती यांच्या संगमावर उत्तरायणीची जत्रा भरली. बागनाथाच्या दर्शनास हजारो माणसे जमली होती. बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल ही मंडळी तेथे आली. यापुढे कुली-बेगार द्यावयाची नाही, अशी शपथ लोकांनी सरयूचे पाणी हाती घेऊन वाहिली. जिल्ह्याचा गोरा अधिकारी डायबल तेथे हजर होता; त्याच्याजवळ पोलीस थोडे, आणि समोर सारी जत्रा. गावोगावच्या प्रधानांनी आपल्या वह्या आणल्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून सरयूच्या प्रवाहात सोडल्या.